गाडीत मावेल तेवढंच नाटक

विदर्भातल्या खेड्यांत ख्रिस्ती संगीत नाटक घेऊन फिरायचं असेल, तर संहितेला हात घालण्याआधी पिकअपचा हौदा मोजून घ्या. बोलेरो पिकअपचा हौदा साधारण ९ फूट लांब असतो. त्यात पडदे, पाइप, दोन स्पीकर, दिव्यांची पेटी, जनरेटर, हार्मोनियम, ढोलक, कपड्यांच्या ट्रंका बसल्या पाहिजेत, वरून ताडपत्री. वजनाचं सहसा अडत नाही, जागेचं अडतं. दुसरी मालगाडी घेतली की डिझेल वाढतं, चालक दोन लागतात, आणि धारणी किंवा धानोऱ्याकडच्या रस्त्यावर एक गाडी पंक्चर झाली की पडदे एका गावात नि पाइप दुसऱ्या गावात. त्यामुळे जे एका हौद्यात मावत नाही ते नाटकातून काढायचं. नाताळच्या नाटकाला गोठा लागतो, पण गोठा गावात असतोच. गव्हाण, खाट, घमेलं, कंदील यजमानांकडे मागायचं. वऱ्हाडात कुटार-कडबा मिळतो, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या धानपट्ट्यात, तणस (धानाचा पेंढा) मिळते. तणस दिव्यांपासून किमान ६ फूट लांब ठेवा आणि नाटकात पेटती पणती असेल तर पडद्यामागे पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. हॅलोजनजवळ राहिलेली कोरडी तणस पेटायला फार वेळ लागत नाही.

तारखा शेतीकडे बघून धरायच्या. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, नंतर कापूसवेचणी सुरू होते, पूर्वेकडे धानकापणी नि मळणी डिसेंबरात शिरते. वेचणीला जाणारी बाई पहाटे उठलेली असते, तिला रात्री साडेदहापर्यंत बसवून ठेवणं बरं नव्हे. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई (जत्रा) भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. त्या रात्री तिथे आपला प्रयोग लावू नका, मंडईपुढे कोणाचंच काही चालत नाही. तिकडच्या प्रेक्षकाला रात्रभराच्या नाटकाची सवय आहे, म्हणून आपलं नाटक दीड तासाचं आहे हे दवंडीतच सांगून टाका, नाहीतर शेवटचं गाणं झालं तरी लोक दुसऱ्या अंकाची वाट बघत बसतात. येशूच्या दुःखसहनाचं नाटक ईस्टरआधीच्या उपवासकाळात म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बहुतेक चर्चमध्ये बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते, त्यानंतर पाळकांपासून पोरांपर्यंत सगळे थकलेले असतात. प्रयोग गुरुवारी घ्या किंवा शुक्रवारी उशिरा. एप्रिलात चंद्रपूरकडे दुपारी लोखंडी पाइपला हात लावता येत नाही, मांडामांड साडेचारनंतरच.

कागदपत्रांचं थोडक्यात. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा, त्याच्या चार झेरॉक्स गाडीत असू द्या. ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून, जागेची ना-हरकत ग्रामपंचायतीकडून किंवा शाळेकडून, आणि अर्ज यजमान मंडळीच्या (तिथल्या चर्चच्या) नावाने. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. सरकारने सूट दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडले तर यात पळवाट नाही. साडेसातला सुरुवात आणि पावणेदहाला आवाज बंद हे गणित संहिता लिहितानाच बसवायचं. पत्रकावर ‘आजार बरे होतील’, ‘चमत्कार बघा’ असलं काही छापू नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच, शिवाय नाटकाला नाटकच म्हणावं. गोंड, कोरकू किंवा माडिया वस्तीच्या गावात कागद पोचण्याआधी गावातल्या वडीलधाऱ्यांना जाऊन भेटा.

मुक्काम शक्यतो जुन्या मिशनच्या आवारांना धरून आखावा. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हापासून शाळा, दवाखाने, वसतिगृहं उभी राहत गेली. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, यवतमाळजवळचं उमरीचं मिशन हॉस्पिटल ही नावं आजही रस्ता विचारताना उपयोगी पडतात. पण आवार कोणत्या ख्रिस्ती पंथाचं ते आधी विचारा. कुठे अलायन्स, कुठे फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन, नागपूरकडे सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (ही मंडळी १९७० साली नागपुरातच स्थापन झाली), चंद्रपूरकडे सिरो-मलबार कॅथलिक. एका ठिकाणी रंगमंचावर नाच चालतो, दुसऱ्या ठिकाणी पाळकसाहेबांच्या कपाळाला आठी पडते. कॅथलिक गावात येशूच्या आईचा, मरीयेचा प्रवेश घाईत उरकला तर लोक नाराज होतात. म्हणून नाचाचं गाणं काढता येईल आणि मरीयेचं गाणं एका अंतऱ्याने वाढवता येईल, अशी संहिता हाताशी ठेवा.

आता रंगमंच. लाकडी तख्त वाहून नेण्यात अर्थ नाही. गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. दोन ट्रॉल्या लांब बाजूंनी एकमेकींना लावल्या, मधले फाळके खाली पाडले, वर सतरंजी अंथरली की साधारण १० बाय १२ फुटांची जागा तयार होते, उंचीही बरोबर. यात एक धोका आहे आणि तो दर हंगामात कोणाला तरी भोवतो. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली की ती पुढे हुकाच्या टेकूवर उभी असते. समूहगीतात सातआठ जण मागच्या कडेला सरकले की वजन चाकांच्या मागे जातं, पुढची बाजू उचलली जाते आणि सगळा रंगमंच मागे कलंडतो. उपाय दोनच. एक, ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवा. दोन, मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे घट्ट बसवा. ठोकळे म्हणजे खरे ठोकळे, विटांची उतरंड नको, विटा दाबाखाली फुटतात. चार चाकांची ट्रॉली मिळाली तर उत्तम. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. ट्रॉलीला कमानपाटे असतील तर नाचताना हौदा खालीवर होतो, म्हणून मधोमध एक जॅक टेकवून पाट्यांवरचं वजन थोडं हलकं करा. दोन ट्रॉल्यांमधल्या फटीवर प्लायचा तुकडा ठेवून चार खिळे मारा, कारण देवदूताची टाच नेमकी तिथेच अडकते.

पडद्यांसाठी एक इंची जीआय पाइप, ५ फुटांचे तुकडे, कपलिंगने जोडायचे. वाळूची पोती रिकामी न्यायची आणि गावातच भरायची. प्रत्येक उभ्या पाइपाला दोन पोती, फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन, कारण संध्याकाळी वावटळ उठते आणि पडदा फुगतो. मागच्या पडद्याला खालून वीतभर अंतरावर चिरा ठेवल्या तर वारा आरपार जातो. अवकाळी नि गारपिटीचा अंदाज असेल तर प्रयोग शाळेच्या व्हरांड्यात घ्या. लोखंडी पाइप घेऊन विजांच्या गडगडाटात उघड्यावर उभं राहण्यात भक्ती नाही.

वीज हा सगळ्यात किचकट भाग. आठ एलईडी ‘पार’ दिवे (रंगमंचावर झोत टाकणारे) मिळून साधारण ८०० वॉट, दोन पॉवर्ड स्पीकर, मिक्सर आणि कीबोर्ड मिळून तेवढंच. म्हणजे दीड-पावणेदोन किलोवॉट. ५०० वॉटचे दोन हॅलोजन जोडले की ते एकटेच या सगळ्या एलईडींहून जास्त वीज खातात, म्हणून ते घरीच बरे. रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकायचा नाही, गावातला कोणी कितीही आग्रह करो. मीटर असलेल्या घरातून किंवा शाळेतून परवानगीने वायर ओढा. शाळा ते रंगमंच २०० फूट धरले, तर १ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरवर ८ अँपिअरला १७-१८ व्होल्ट गळतात, अडीच चौरसच्या वायरवर ७. गावात संध्याकाळी मुळातच १९० व्होल्ट येत असतील तर हा फरक कीबोर्ड चालू राहणं आणि बंद पडणं यातला असतो. त्यामुळे अडीच चौरसची तीन-कोअर वायर, ७० मीटर, एका रिळावर. प्रयोग चालू असताना रीळ पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते.

जोडण्याआधी मल्टीमीटर लावून पाच मिनिटं आकडा बघत राहा. २३० च्या आसपास थोडं हलणं ठीक. अचानक २७०-२८० दिसून पुन्हा खाली आलं तर न्यूट्रल ढिला आहे. त्या जोडणीवर काहीही लावू नका, सरळ जनरेटर सुरू करा. ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर पुरतो, या भाराला तासाला लिटरभराच्या आसपास पेट्रोल. तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, भिंतीआड, शंभर फुटांवर. गरम असताना पेट्रोल ओतू नका. आणि लाइन व जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच पुरवठा जोडणारा) हवाच. नाहीतर उलटी गेलेली वीज खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते. रंगमंचाच्या बाजूला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) लावा आणि चार फुटी अर्थिंगची सळई ओल्या जागी ठोकून वर पाणी ओता. स्पीकरमध्ये घूं-घूं आली की लोक प्लगची अर्थ पिन तोडतात. तसं करू नका, मिक्सर आणि कीबोर्ड एकाच बोर्डवर घ्या, डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची डबी) वापरा, घूं-घूं बहुतेक वेळा तिथेच थांबते.

वीज गेलीच तर? ढोलक-हार्मोनियमला वीज लागत नाही. काही मंडळी सगळं संगीत पेनड्राइव्हवर आणतात. दिसायला सोयीचं आहे, पण अंधार झाला की नाटक जागच्या जागी मरतं. वादक सोबत असले की पाच मिनिटांत जनरेटर सुरू होईपर्यंत लोकांना पाठ असलेलं एखादं भजन धरता येतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) अभंगाच्या वळणाची गीतं इथे फार कामाची. जुन्या लोकांना ती तोंडपाठ, वारकरी वळणाच्या श्रोत्यालाही चाल परकी वाटत नाही, आणि त्यांचे हक्क कधीच संपलेत. आजच्या रेकॉर्डिंगमधली गाणी घेताना मात्र गीतकाराची परवानगी मागा. विनातिकीट हौशी प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण प्रयोगाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की ती सवलत लागू आहे असं समजू नका.

सुरांचं बघा. हार्मोनियम जुनी असेल तर तिचा सूर कीबोर्डशी जुळत नाही. हार्मोनियम फिरवता येत नाही, कीबोर्ड येतो. मास्टर ट्यूनिंग ४४० वरून एकेक हर्ट्झ वर-खाली करत मिळवा आणि तो आकडा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा. एकट्या गाण्यात पुरुष काळी एक-दोन, बायका काळी चार-पाच घेऊ देत. पण जिथे गाव सोबत गाणार आहे तिथे पांढरी एक किंवा काळी एकच्या वर जाऊ नका. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली जातो, तार सप्तकात आवाज फाटतो. दव पडलं की ढोलक नि तबल्याची कातडी सैल पडून सूर उतरतो. प्रयोगाच्या आधी वाद्यं चादरीत गुंडाळून ठेवा, आणि ढोलकाला कातडीऐवजी बसवायची एक फायबरची पुडी जवळ असलेली बरी. मिक्सरवरही दव बसतं, त्याच्यावर छत्री हवीच.

स्पीकर कलाकारांच्या पुढे, सहा फुटांच्या स्टँडवर. मागे ठेवले की माइक शिट्टी मारणार. उघड्यावर आवाज परत येत नाही, म्हणून कलाकाराला आपण कमी बोलतोय असं वाटतं आणि तो ओरडायला लागतो. त्याला एक छोटा मॉनिटर द्या. घामाने वायरलेस माइकचे ट्रान्समीटर बिघडतात, प्रत्येक ट्रान्समीटर छोट्या झिप पिशवीत. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे, जुने सेल टॉर्चला.

धानाच्या भागात दिवाळीच्या सुमारास दिव्यांवर तुडतुड्यांचा थवा येतो आणि गायकाच्या तोंडात जातो. पांढऱ्या-निळसर दिव्यावर ते जास्त येतात, पिवळ्या-अंबरवर कमी. रंगमंच अंबर ठेवा आणि चाळीस फुटांवर एक पांढरा बल्ब नुसता किड्यांसाठी लावा. प्रेक्षकांच्या बाजूला मात्र नको.

संहितेबद्दल दोन गोष्टी. एक, येशूला प्रमाण मराठी आणि उतारशाळेच्या (धर्मशाळेच्या) मालकाला वऱ्हाडी ही वाटणी मोडून टाका. मालक म्हणतो, “काऊन बाप्पा, इतक्या राती? जागा नाही ना उरली,” आणि लोक हसतात. हसू दे. पण मरीयाही “माह्या पोराले टेकवाले जागा पायजे” म्हणाली तर तीच बोली गळ्यात आवंढा आणते. गावाची भाषा नुसती विनोदाला वापरली की गावाला ते कळतं. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी येत नसेल तर तोडकीमोडकी वाक्यं पाठ करू नका, प्रत्येक प्रवेशाआधी गावातल्याच कोणाकडून चार वाक्यांत गोष्ट सांगून घ्या.

दोन, उधळ्या पुत्राची गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, पैसा उधळून घरी परतलेल्या मुलासाठी बाप पुष्ट वासरू कापायला सांगतो. पोळ्याला बैल ओवाळणाऱ्या गावात हे रंगमंचावर दाखवण्याचं काही कारण नाही. वचन वाचायचं ते जसंच्या तसं वाचा, त्याला हात लावायचा नाही. रंगमंचावर पंगत मांडा, पत्रावळी, वाढपी, ढोलक. मेजवानीचा अर्थ पोचतो. डुकरं राखण्याच्या प्रवेशातही नक्कल करताना जपून, गावात त्यावर पोट भरणारी माणसं प्रेक्षकांत बसलेली असतात.

दुःखसहनाच्या नाटकातला वधस्तंभ ही हौद्याची खरी परीक्षा. उभा खांब ९ फुटांचा, याहून लांब मावतच नाही. आडवा साडेपाच फूट. लाकूड ४ बाय ३ इंची, सागवान जड होतं, पाइनवूड चालतं पण गाठ नसलेलं निवडा. जिथे दोन्ही मिळतात तिथे अर्धा-अर्धा खाच करून १२ मिलीमीटरचे दोन बोल्ट. एकच बोल्ट लावला तर आडवा खांब फिरतो. बोल्ट-नट सुतळीने खांबालाच बांधून ठेवा, कारण हरवायचं असेल तर हेच हरवतं. तळाला ४ बाय ३ फुटांची पेटी, खांब त्यात दीड फूट उतरतो. पेटीत वाळूची सहा पोती, आणि मागून एक तिरपा टेकू पेटीलाच जोडलेला. टेकूशिवाय खांब पुढे झुकतो, पोती कितीही टाका. पायाखाली ६ इंच रुंद फळी, सगळं वजन तिच्यावर. हातांसाठी आडव्या खांबाला मागून मुठी. कमरेला कापडाखालून रुंद पट्टा, तो खांबाच्या मागच्या कडीत अडकवायचा. हात खांद्याच्या वर ताणून ठेवले की बोटं बधिर होतात, म्हणून मुठी खांद्याच्या रेषेत किंवा थोड्या खालीच. वधस्तंभावरचा प्रवेश सहा-सात मिनिटांच्या वर नेऊ नका. सात उद्गार त्यात बसतात. खाली उतरवायला दोन शिपाई नेमलेले असावेत, पट्टा सोडायची तालीम अंधारात करून घ्या. रक्तासाठी बीटाचा रस पातळ पडतो, तांबडा खाद्यरंग मधात कालवला तर ओघळतोही आणि कातडीला त्रासही देत नाही, पण पांढऱ्या कापडावरून निघत नाही. फटक्यांच्या प्रवेशाआधी पहिल्या रांगेतल्या लहानग्यांना आयांकडे पाठवायला सांगा.

देवदूतांचे पंख थर्माकोलचे केले तर दुसऱ्या गावापर्यंत टिकत नाहीत. तार आणि जाळीचं कापड, मधोमध बिजागरी, मिटून ट्रंकेत.

जेवणाचं यजमानांना आधीच सांगून ठेवा. साडेपाचला हलकं वरण-भात, पूर्ण जेवण प्रयोगानंतर. तर्री, ठेचा नि सावजी रस्सा गाण्याआधी नको, माय-मावश्या कितीही म्हणोत. अर्पणाची थैली प्रेक्षकांतून फिरवू नका. गावातले सगळे ख्रिस्ती नसतात आणि फुकट म्हणून बोलावलेल्या माणसापुढे थैली धरणं शोभत नाही. अर्पण उपासनेत घ्यावं.

गाडी रात्रीच भरून टाकायची, निघायचं सकाळी. पाइप तळाला, त्यावर वधस्तंभ, मग पेट्या, शेवटी जनरेटर टाकी रिकामी करून मागच्या फाळक्याजवळ, म्हणजे पेट्रोलचा वास कपड्यांना लागत नाही. ओले कपडे ट्रंकेत कोंबू नका. पोत्यांतली वाळू जिथून घेतली तिथेच ओता. आणि ट्रॉल्या परत करण्याआधी झाडू मारून, ओल्या फडक्याने पुसून द्या. सकाळी त्याच ट्रॉलीत कापूस भरून बाजारात जायचा असतो, आणि टिकल्या, जरीचे धागे नि रंगाचे डाग लागलेल्या कापसाला व्यापारी भाव पाडून मागतो.